१८२० : स्कॉटिश विणकरांच्या उठावाचे वर्ष

सोमवार, ३ एप्रिल १८२० रोजी ग्लासगो शहर आणि पश्चिम स्कॉटलंडच्या आसपासच्या परगण्यांत सुमारे ६० हजार कामगारांनी काम बंद ठेवले. हातमाग थांबले, सूतगिरण्या ओस पडल्या, खाणीही बंद झाल्या. काही लोहारशाळांच्या भट्ट्या तेवढ्या पेटत्या राहिल्या, कारण तिथे भाल्यांची पाती घडवली जात होती. हा संप आणि त्यानंतरच्या पाच-सहा दिवसांतल्या चकमकी इतिहासात ‘रॅडिकल वॉर’ या नावाने नोंदल्या गेल्या. युद्ध म्हणावे एवढी लढाई त्यात झाली नाही. तरीही संप, गोळीबार, राजद्रोहाचे खटले, तिघांची फाशी आणि १९ जणांना काळ्या पाण्याची सजा एवढे सगळे त्या एका वर्षात घडले. औद्योगिक युगाच्या उंबरठ्यावरच्या स्कॉटलंडमध्ये कष्टकऱ्यांची काय अवस्था होती, हे समजून घ्यायला १८२० इतके बोलके वर्ष दुसरे नाही.

तोपर्यंतच्या चाळीस वर्षांत पश्चिम स्कॉटलंडचा चेहरामोहरा पालटला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने ग्लासगोच्या तंबाखू-व्यापाराला धक्का बसला आणि व्यापाऱ्यांचे भांडवल कापसाकडे वळले. डेव्हिड डेलने १७८६ मध्ये क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळ न्यू लॅनार्कची गिरणी वसवली. १७९० मध्ये फॉर्थ आणि क्लाइड या नद्यांना जोडणारा कालवा पूर्ण झाला आणि पूर्व व पश्चिम किनारे जलमार्गाने जोडले गेले. १८१२ मध्ये हेन्री बेलची ‘कॉमेट’ ही आगबोट क्लाइडवर धावू लागली. ग्लासगोची वस्ती १८०१ मध्ये सुमारे ७७ हजार होती. १८२१ च्या जनगणनेत ती सुमारे १ लाख ४७ हजार भरली. म्हणजे वीस वर्षांत शहर जवळजवळ दुप्पट झाले. उत्तरेच्या डोंगराळ मुलखातून जमिनी सुटलेले शेतकरी आणि आयर्लंडमधून आलेले मजूर ही या वाढीतली मोठी भर होती.

सूतकताई गिरणीत गेली, पण विणकाम घरीच राहिले. किंबहुना गिरण्यांतून स्वस्त सुताचा पूर आला, त्यामुळे ते विणायला अधिक हात लागू लागले. विणकर कारखानदाराकडून किंवा त्याच्या अडत्याकडून सूत आणायचा, घराच्या तळमजल्यावरच्या मागावर कापड विणायचा आणि नगावर मजुरी घ्यायचा. मागाची खोली बहुधा मातीच्या जमिनीची आणि ओलसर असे, कारण कोरड्या हवेत बारीक सूत तुटते. बायको आणि मुले कांड्या भरायची. अठराव्या शतकाच्या शेवटी या कामाला चांगले दिवस होते. विणकर स्वतःच्या वेळेचा मालक होता, त्याच्या घरात पुस्तके होती, आणि वर्गणी काढून आणलेले वर्तमानपत्र माग चालवता चालवता एकजण मोठ्याने वाचत असे. पेझ्ली गावच्या विणकरांतून रॉबर्ट टॅनाहिलसारखा गीतकार निघाला. पुढे अमेरिकेत पक्षिशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलेला अलेक्झांडर विल्सनही मूळचा तिथलाच विणकर. हा वाचणारा, वाद घालणारा, आपली किंमत ओळखणारा कारागीर वर्ग होता, आणि पुढच्या घटना समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

यंत्रमागाने हातमाग मारला म्हणून विणकर उठले, असे १८२० चे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. आकडे तसे सांगत नाहीत. त्या वर्षी संपूर्ण स्कॉटलंडमध्ये यंत्रमाग होते जेमतेम दोन हजार, आणि हातमाग कित्येक दहा हजारांत. मजुरी कोसळली ती मुख्यतः गर्दीमुळे. साधी मलमल विणायला फार काळ उमेदवारी करावी लागत नसे, म्हणून गावातून आलेला, आयर्लंडहून आलेला, १८१५ नंतर फौजेतून सुटलेला असा ज्याला दुसरे काम नाही तो प्रत्येकजण मागावर बसला. शतकाच्या आरंभी जो विणकर आठवड्याला वीस शिलिंगांहून अधिक कमवत होता, त्याच्या हाती १८२० च्या सुमारास त्याचा लहानसा हिस्साच पडत होता. यंत्रमागाचा खरा घाव पुढच्या दोन दशकांत बसला.

मजुरी घसरत असताना विणकरांनी पहिल्यांदा कायद्याचा आधार घेतला. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यांनुसार मजुरीचे वाजवी दर ठरवण्याचा अधिकार परगण्याच्या दंडाधिकाऱ्यांना होता. विणकरांच्या संघटनेने १८१२ मध्ये दरांचा तक्ता तयार करून त्यांच्यापुढे ठेवला. साक्षी झाल्या, कापडाच्या एकेका जातीचा हिशोब झाला, आणि दर वाजवी आहेत असा निर्णय मिळाला. एडिंबरा येथील वरिष्ठ न्यायालयानेही दंडाधिकाऱ्यांचा हा अधिकार मान्य केला. विणकर खटला जिंकले होते. पण कारखानदारांनी ते दर द्यायचे नाकारले आणि त्यांना ते द्यायला लावणारे कोणी नव्हते. तेव्हा नोव्हेंबर १८१२ मध्ये सुमारे ४० हजार विणकरांनी माग थांबवले. दोन महिन्यांहून अधिक काळ चाललेला हा संप शांततेत पार पडला. शासनाने त्याच्या पुढाऱ्यांना पकडले, कामगारांनी संगनमत करणे हा गुन्हा ठरवला आणि त्यांना ४ ते १८ महिन्यांचा तुरुंगवास दिला. १८१३ मध्ये संसदेने दंडाधिकाऱ्यांचा दर ठरवण्याचा अधिकार देणारे कायदेच रद्द केले. न्यायालयात जिंकलेली बाजू अशा रीतीने संसदेत हरवली गेली. १८२० च्या उठावाचे मूळ शोधायचे तर ते या निकालात आणि त्याच्या शेवटात शोधावे लागते.

ज्या संसदेने हे केले, तिच्यात विणकरांचा प्रतिनिधी असण्याची शक्यताच नव्हती. वीस लाख लोकवस्तीच्या स्कॉटलंडमध्ये मतदार होते साडेचार हजारांच्या आसपास. शहरांत तर सामान्य माणसाला मतच नव्हते. ग्लासगो, रेन्फ्रू, रदरग्लेन आणि डंबार्टन या चार शहरांना मिळून एक खासदार होता. प्रत्येक शहराचे नगरमंडळ आपला एक प्रतिनिधी पाठवी आणि ते चार प्रतिनिधी खासदार निवडत. बाकीची तिन्ही गावे आकाराने ग्लासगोच्या जवळपासही नव्हती, तरी चौघांच्या मताचे वजन सारखे. नगरमंडळे आपले नवे सदस्य बहुतेक स्वतःच नेमून घेत असत. मताधिकाराची मागणी १७९० च्या दशकातही झाली होती. तेव्हा तिचा पुढारी, वकील टॉमस म्यूर, याला १७९३ मध्ये राजद्रोही लिखाण आणि भाषणाबद्दल १४ वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात हद्दपार केले गेले.

नेपोलियनविरुद्धची लढाई १८१५ मध्ये संपली आणि मंदी आली. त्याच वर्षी संसदेने धान्य कायदा केला. देशातल्या गव्हाचा भाव क्वार्टर या मापामागे ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू विकायला बंदी आली. जमीनदारांचे उत्पन्न टिकले, पाव महागला. १८१६ च्या २९ ऑक्टोबरला ग्लासगोच्या सीमेबाहेर थ्रशग्रोव्ह येथे सुधारणांसाठी सभा भरली, कारण शहरात जागा द्यायला अधिकारी तयार नव्हते. सुमारे ४० हजार लोक आले, ठराव झाले, अर्ज लंडनला गेले, आणि तिथे त्यांचे काहीही झाले नाही.

शासनाने याच काळात खबऱ्यांचे जाळे विणले. त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध अलेक्झांडर रिचमंड. हा १८१२ च्या संपाच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. खटल्याच्या वेळी तो पळून गेला होता. पुढे ग्लासगोचा कापूस-व्यापारी आणि खासदार कर्कमन फिन्ले याच्यामार्फत तो सरकारी खबऱ्या झाला. गुप्त शपथा घेतल्याच्या आरोपाखाली १८१७ मध्ये काहीजणांना पकडले गेले, पण अँड्र्यू मॅकिन्ले या विणकराच्या खटल्यात सरकारी साक्षीदारानेच आपल्याला आमिष दाखवल्याचे न्यायालयात सांगून टाकले आणि खटला कोसळला. ‘सिद्ध झाले नाही’ हा स्कॉटिश कायद्यातला खास निकाल तिथे दिला गेला. आपल्यात कोणीतरी फितूर आहे, ही शंका त्यानंतर प्रत्येक गुप्त बैठकीत असायची, आणि १८२० मध्ये ती खरी ठरली.

१६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानात मताधिकारासाठी जमलेल्या हजारो लोकांवर घोडेस्वार घातले गेले. माणसे मेली, शेकडो जखमी झाली. या ‘पीटरलू’च्या मृतांसाठी सप्टेंबरमध्ये पेझ्लीजवळ सभा झाली आणि तिच्यानंतर गावात कित्येक दिवस दंगल धुमसली. वर्षअखेरीस संसदेने सहा कायदे करून सभा, कवायती आणि स्वस्त वर्तमानपत्रे यांच्यावर बंधने घातली. सभा घ्यायची नाही, वाचायचे नाही आणि मत तर नाहीच, अशी स्थिती १८२० उजाडताना होती. २९ जानेवारीला राजा तिसरा जॉर्ज वारला. २३ फेब्रुवारीला लंडनच्या केटो स्ट्रीटवर मंत्रिमंडळाच्या हत्येचा कट उघडकीला आला. २१ मार्चला ग्लासगोमध्ये रॅडिकल (आमूलाग्र सुधारणावादी) समितीच्या बैठकीवर छापा पडला आणि २८ जणांना अटक झाली. खबर आतल्याच माणसाने दिली होती.

रविवार, २ एप्रिलच्या सकाळी ग्लासगोच्या भिंतींवर एक पत्रक दिसले. त्यावर १ एप्रिलची तारीख होती आणि ‘हंगामी सरकार स्थापन करणारी संघटना समिती’ असे स्वाक्षरीच्या जागी होते. हक्क मिळेपर्यंत सर्वांनी काम बंद ठेवावे आणि सैनिकांनी आपल्या बांधवांवर शस्त्र चालवू नये, असे आवाहन त्यात होते. ड्यूक स्ट्रीटवर जेम्स हार्डी हा दंडाधिकारी ते फाडायला पुढे झाला, तेव्हा अँड्र्यू हार्डी नावाच्या तरुण विणकराने त्याला अडवले. दोघांचे आडनाव सारखे, नाते काही नाही. ही अडवणूक पुढे तरुण हार्डीच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली.

पत्रक कोणी लिहिले, यावर इतिहासकारांत अजून एकमत नाही. खरी समिती तुरुंगात असताना ते निघाले आणि त्यात मॅग्ना कार्टा व हक्कांच्या सनदेचा हवाला आहे. हे दोन्ही इंग्लंडचे दस्तऐवज. म्हणून ते खबऱ्यांनी लोकांना फसवून बाहेर काढण्यासाठी रचले, असे काहींचे मत आहे. इतरांच्या मते पत्रक खऱ्या रॅडिकलांचेच असावे, कारण त्यांचा उत्तर इंग्लंडशी संपर्क होता आणि त्याच सुमारास यॉर्कशायरमध्येही उठावाचे प्रयत्न झाले. एक गोष्ट निर्विवाद आहे. कागद कोणाचाही असो, त्यावर ६० हजार माणसे कामावरून उठली ती स्वतःच्या अनुभवामुळे. खबऱ्या भडकावू शकतो, पण आठ वर्षांचा राग तो निर्माण करू शकत नाही.

संप जबरदस्त झाला, उठाव मात्र विस्कळीत. इंग्लंडमध्ये बंड सुरू झाले की तिकडून येणारी टपालगाडी अडवली जाईल आणि तीच खूण, असा निरोप फिरत होता. गाडी आली. तरीही ४ एप्रिलच्या रात्री हार्डी पंचवीसेक माणसांना घेऊन ग्लासगोहून निघाला. फॉल्कर्कजवळच्या कॅरन लोखंड कारखान्यावर जाऊन तोफा ताब्यात घ्यायच्या, असा बेत होता. १७५९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना ब्रिटिश आरमारासाठी तोफा ओतत असे. वाटेत कंडोरॅट गावी जॉन बेअर्ड हा विणकर आपल्या थोड्या साथीदारांसह त्यांना मिळाला. बेअर्ड पूर्वी फौजेत होता. ग्लासगोहून मोठे सैन्य येत आहे, असे त्याला सांगितले गेले होते. आले ते मूठभर लोक, पावसाने भिजलेले.

  

५ एप्रिलच्या सकाळी बॉनीब्रिजजवळच्या बॉनीम्यूर या माळावर ही तुकडी विसावली असताना लेफ्टनंट हॉजसनच्या हुकमतीखाली घोडेस्वार आले. निम्मे दहाव्या हुसार पलटणीचे, निम्मे स्थानिक स्वयंसेवक, मिळून तिसेक. विणकरही तेवढेच होते. त्यांनी दगडी बांधाच्या आडून भाले आणि थोड्या बंदुकांनिशी सामना केला. हॉजसन जखमी झाला, चार विणकर जखमी झाले, आणि थोड्याच वेळात लढाई आटोपली. अठरा-एकोणीस जण पकडले जाऊन स्टर्लिंगच्या किल्ल्यात गेले. दुसऱ्या दिवशी स्ट्रेवन गावातून आणखी पंचवीसेक माणसे ग्लासगोजवळच्या कॅथकिनच्या टेकडीकडे निघाली. स्कॉटलंड स्वतंत्र व्हावे, नाही तर ओसाड पडावे, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या निशाणावर होते. टेकडीवर कोणतेही सैन्य वाट पाहत नव्हते. माणसे पांगली. त्यांच्यात होता साठीच्या घरातला जेम्स विल्सन, मोजे विणणारा कारागीर.

सर्वाधिक रक्त सांडले ते ८ एप्रिलला ग्रीनॉक बंदरात, आणि तिथे बंडखोरांची कसली फौज नव्हती. पेझ्लीचे पाच कैदी ग्रीनॉकच्या तुरुंगात पोहोचवून पोर्ट ग्लासगोचे स्वयंसेवक शिपाई परत निघाले असताना जमावाने दगड मारले. शिपायांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. आठ जण मेले, त्यात एक आठ वर्षांचा मुलगा होता. दहा जण जखमी झाले. चिडलेल्या लोकांनी तुरुंग फोडून पाचही कैद्यांना सोडवले. बॉनीम्यूरचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत ठळक आहे. ग्रीनॉकच्या नि:शस्त्र मृतांना तितकीच जागा मिळायला हवी होती, ती फार उशिरा आणि फार थोडी मिळाली.

जुलै आणि ऑगस्टमध्ये स्टर्लिंग, ग्लासगो, डंबार्टन, पेझ्ली आणि एअर येथे खास न्यायासने बसली. १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडचे एकीकरण झाल्यावर राजद्रोहाचा इंग्रजी कायदा स्कॉटलंडलाही लागू केला गेला होता. त्यामुळे स्कॉटिश न्यायालयांत इंग्रजी पद्धतीने खटले चालले आणि सरकारच्या मदतीला हलक नावाचा इंग्रज वकील आणला गेला. ‘एडिंबरा रिव्ह्यू’चा संपादक फ्रान्सिस जेफ्री आरोपींच्या बाजूने उभा होता. इंग्रज वकिलाला इथे उभे राहण्याचा अधिकार नाही, ही त्याची हरकत फेटाळली गेली. ८८ जणांवर आरोप ठेवले होते, पण त्यांपैकी बरेच फरारी होते. २४ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. पेझ्लीत मात्र ज्युरीने आरोपींना निर्दोष ठरवले. आपल्याच गावच्या माणसांना राजद्रोही म्हणायला ती तयार नव्हती.

विल्सनच्या ज्युरीने दयेची शिफारस केली होती. तरी ३० ऑगस्टला ग्लासगो ग्रीन येथे सुमारे २० हजार लोकांसमोर त्याला फाशी देऊन नंतर त्याचे शिर कापले गेले. त्याला ग्लासगोतच कंगालांच्या कबरीत पुरले होते, पण मुलीने आणि पुतणीने रात्री ते शव काढून स्ट्रेवनला नेले. ८ सप्टेंबरला स्टर्लिंगमध्ये बेअर्ड आणि हार्डी यांना त्याच प्रकारे मारले गेले. ब्रिटनमध्ये फाशीनंतर शिरच्छेद करण्याची ती शेवटची वेळ. उरलेल्या दोषींपैकी १९ जणांना न्यू साउथ वेल्सला पाठवले गेले.

याच वर्षी स्कॉटलंडमध्ये इतरही ठिकाणी असंतोष होता. सदरलंडमध्ये मेंढपाळीसाठी कुळांना जमिनीवरून हुसकावणे चालूच होते, आणि ईस्टर रॉसमधल्या कलरेन येथे १८२० च्या आरंभी गावकऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, नोटिसा घेऊन आलेल्यांना दगड मारून परतवले. न्यू लॅनार्कचा गिरणीमालक रॉबर्ट ओवेन याने बेकारीवर उपाय म्हणून सहकारी वसाहतींची योजना लॅनार्क परगण्यापुढे मांडली. तिच्यावर १ मे १८२० ही तारीख आहे, म्हणजे बॉनीम्यूरनंतर महिनाही झाला नव्हता. परगण्याने ती अमलात आणली नाही. डिसेंबरमध्ये ‘कॉमेट’ क्रेग्निशच्या खडकांवर आपटून बुडाली. तिच्यामागून आलेल्या कितीतरी आगबोटी तोपर्यंत क्लाइडवर धावत होत्या.

पश्चिमेच्या बेकार विणकरांपैकी काहींना एडिंबरात आणून सॉल्सबरी क्रॅग्ज या कड्याच्या पायथ्याशी रस्ता बांधायला लावले गेले. कल्पना वॉल्टर स्कॉटची. त्या रस्त्याला आजही ‘रॅडिकल रोड’ म्हणतात. पत्रकार पीटर मॅकेंझीने १८३२ च्या सुमारास खबरेगिरीचा पर्दाफाश केला. त्यावर रिचमंडने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो हरला. हद्दपार झालेल्यांना १८३५ मध्ये पूर्ण माफी मिळाली. स्ट्रेवनला विल्सनचे स्मारक १८४६ मध्ये उभे राहिले, आणि १८४७ मध्ये बेअर्ड व हार्डी यांचे अवशेष ग्लासगोच्या साइटहिल दफनभूमीत आणले गेले.

मताधिकाराची सुधारणा १८३२ मध्ये झाली. स्कॉटलंडचे मतदार साडेचार हजारांवरून सुमारे ६५ हजार झाले आणि ग्लासगोला स्वतःचे दोन खासदार मिळाले. मत मिळाले ते वर्षाला दहा पौंड किमतीच्या घराच्या धन्याला. मागाच्या खोलीत राहणारा विणकर त्यात बसत नव्हता. तोपर्यंत स्कॉटलंडमधले यंत्रमाग दहा हजारांच्या वर गेले होते आणि आता खरोखरच त्याचा धंदा ते हिरावून घेत होते. १८३८ नंतर चार्टिस्ट चळवळीत हेच विणकर आणि त्यांची मुले पुन्हा मतासाठी रस्त्यावर आली. शहरातल्या साध्या घरधन्याला मत देणारा कायदा स्कॉटलंडला लागू झाला तो १८६८ मध्ये.